'समजलं का?' विचारण्याआधी

"समजलं का?" हा प्रश्न मी दिवसातून किती वेळा विचारते, याचा हिशेब ठेवला तर एक वही भरेल. सकाळच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते. सहावीचा वर्ग. फळ्यावर उदाहरण सोडवायचं, खडू खाली ठेवायचा आणि मागं वळून विचारायचं, "समजलं का?" की सगळ्या वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "होऽऽ बाई!" त्या 'हो'मध्ये खरं किती आणि सवयीचं किती, ते पेपर तपासायला बसलं की कळतं.

गेल्या श्रावणात मात्र हा प्रश्न फार महागात पडला असता. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला मंगलबाई येतात. आठ वर्षं झाली, घरातल्याच झाल्यात म्हणा ना. त्या दिवशी आल्या त्या उशिरा आणि तोंड उतरलेलं. दहा महिन्यांच्या नातवाला रात्रीपासून जुलाब होत होते. "दात येताहेत वहिनी, त्यानं होतंय," असं म्हणाल्या खऱ्या, पण जीव ठिकाणावर नव्हता. मी लगेच औषधांच्या डब्यातून जलसंजीवनीची पुडी काढली. ओ. आर. एस. म्हणतात ती. हातात दिली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "ही पाण्यात कालवून पाजत राहायची. अंगावरचं दूध तोडायचं नाही. समजलं ना?" मंगलबाईंनी मान हलवली. मलाही बरं वाटलं. वेळेवर योग्य ते दिलं, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. संध्याकाळी चहा घेताना ह्यांना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मंगलबाई आल्याच नाहीत. त्यांच्या सुनेचा फोन आला. बाळाला दवाखान्यात ठेवलंय, सलाईन लावलंय. ते सारखं पाणी मागत होतं, चिडचिडं झालं होतं, मग अंगच टाकलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशात कालवलं?" तेव्हा उलगडा झाला. एक लिटर पाण्यात घालायची अख्खी पुडी त्यांनी एका फुलपात्रात कालवली होती आणि चमच्याचमच्यानं, अगदी नेमानं पाजली होती. मीठ नको तेवढं झालं होतं आणि पाणी मात्र पोटात गेलं नव्हतं.

बाळ तीन दिवसांत घरी आलं. आता दुडूदुडू चालतंय. पण त्या तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मंगलबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुम्ही चांगलंच सांगितलं होतं वहिनी, आमच्याकडंच चुकलं." हे वाक्य मला जास्त लागलं. कारण चूक त्यांची नव्हतीच. किती पाण्यात, हे मी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्यांना ते जमतंय की नाही, हे मी पाहिलं नव्हतं. शिकवणं हा माझा धंदा, नावापुढं बी. ए. लावते, आणि एका पुडीचा धडा मला नीट देता आला नाही!

याच दिवसांत माझी पुतणी ऋता हिचा फोन आला. सूक्ष्मजीवशास्त्रात बी. एस्सी. होऊन ती वर्षभरासाठी इंग्लंडातल्या एका विद्यापीठात गेली होती. विषयाचं नाव 'जागतिक आरोग्य'. म्हणजे गरीब देशांतली माणसं कशानं आजारी पडतात, कशानं जगतात, आणि पैसा, पाणी, शिक्षण, रस्ते यांचा आरोग्याशी काय संबंध, याचा अभ्यास. ती निघाली तेव्हा आमच्या जाऊबाईंनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता, "गरिबांचं दुखणं शिकायला एवढे पैसे भरून श्रीमंतांच्या देशात कशाला जायचं गं? इथं काय कमी आहे?" तेव्हा सगळे हसले होते. उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

मी ऋताला मंगलबाईंची हकिकत सांगितली. पलीकडं क्षणभर शांतता. मग म्हणाली, "काकू, अगं, आमचा पहिला धडा हाच होता!"

झालं होतं असं. पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेनं टेबलावर मीठ, साखर, पाण्याचा जग आणि निरनिराळे चमचे मांडले आणि मुलांना सांगितलं, जुलाब झालेल्या मुलासाठी पाणी बनवा. वर्गात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, केनियाचे होते, नेपाळचे होते. प्रत्येकानं बनवलं आणि प्रत्येकाचं वेगळं झालं! कुणाचं नुसतं सरबत, कुणाचं समुद्राचं पाणी. मग शिक्षिका म्हणाली, हे एकाच टेबलावर बसलेल्या तुम्हा शिकलेल्या माणसांचं. आता कोट्यवधी आयांना हे शिकवायचं असेल तर काय कराल? आणि तिनं बांगलादेशाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ती गोष्ट ऋतानं मला सांगितली, काही वाचायलाही पाठवलं. मला ती इतकी आवडली की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुलाबात मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळं. पूर्वी त्यावर शिरेतून सलाईन देणं हाच खात्रीचा उपाय मानत. नुसतं पाणी पाजलं तर आतड्यात ते पुरेसं मुरत नाही. पण मीठ आणि साखर जोडीनं असली की आतडं दोघांना हात धरून आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही रक्तात जातं. पटकीसारख्या भयंकर रोगातसुद्धा हे दार उघडं राहतं. डाक्का शहरातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांना असं पाणी तोंडानं पाजून पाहिलं आणि १९६८ साली सिद्ध केलं की सलाईनची गरज त्यामुळं खूपच कमी होते.

पण प्रयोगशाळेतलं सिद्ध होणं निराळं आणि जगानं मानणं निराळं. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आपल्याकडं आले. पश्चिम बंगालमध्ये बनगाव इथं पटकीची साथ उसळली. रुग्णालयात खाटा अपुऱ्या, रोगी जमिनीवर, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथं काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसाचा निर्णय घेतला. मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पिशव्या भरायच्या, पिंपात पाणी करायचं आणि ते रोग्याला पाजायचं. पाजणार कोण? डॉक्टर किती पुरणार! आया, बहिणी, नवरे, जे कुणी रोग्याजवळ असेल ते. शंभरातले पंचवीस-तीस दगावत होते, तिथं या पाण्यावर ठेवलेल्या रोग्यांत ते प्रमाण चारांच्याही खाली आलं. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्यापैकी किती जणींनी त्यांचं नाव ऐकलं होतं? मी तरी नव्हतं.

बनगावला रोग्याजवळची साधी माणसं हे करू शकली, हा त्यातला खरा धडा. पण छावणीत निदान पिंप भरून ठेवणारा डॉक्टर होता. खेड्यातल्या झोपडीत कोण? पुरेशा पुड्या नव्हत्या, त्या नेऊन पोचवायला रस्ते नव्हते. बांगलादेशात फझले हसन अबेद यांनी १९७२ साली सुरू केलेली 'ब्रॅक' नावाची संस्था आहे. त्यांनी ठरवलं, पुडी नको, घरात आहे त्यातूनच करू. तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. तिकडं त्याला 'लोबोन-गुड' म्हणत. मीठ-गूळ! कुणाच्या घरात नाही?

१९८० साली बायकांच्या तुकड्या निघाल्या. पायी, होडीतून, गावोगाव, घरोघर. ओसरीवर बसायचं, दहा मुद्दे सांगायचे, स्वतः पाणी करून दाखवायचं आणि मग त्या घरच्या बाईला तिच्याच भांड्यात, तिच्याच हातानं करायला लावायचं. अर्धा शेर पाणी कुठवर येतं, त्याची खूण तिच्याच भांड्यावर करून द्यायची. दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून अधिक घरं अशी झाली.

आता शिक्षिकेच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट ऐका. या शिकवणाऱ्या बायकांना पगार कसा मिळायचा? किती घरं केली त्यावर नव्हे! काही आठवड्यांनी दुसरीच एक बाई त्यातल्या काही घरी जायची आणि विचारायची, "मुद्दे सांगा बरं. आता पाणी करून दाखवा." केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जायचे. जिला सगळं आठवलं आणि पाणी बरोबर जमलं, तिच्यामागं शिकवणारीला पूर्ण पैसे. थोडं चुकलं तर कमी. काहीच जमलं नाही तर शून्य. विद्यार्थिनी नापास झाली तर पगार मास्तरणीचा कापायचा! हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका हसल्या, बाकीच्या मात्र गप्प बसल्या.

एवढं करूनही सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पुढं पाहणी केली तर असं दिसलं, की आया पाणी उत्तम करून दाखवतात, पण मूल आजारी पडलं की देणाऱ्या फारच थोड्या. असं का? संस्थेची माणसं पुन्हा ओसरीवर जाऊन बसली, या वेळी शिकवायला नव्हे, ऐकायला. तेव्हा तीन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे, शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना अतिसाराच्या रुग्णालयात नेऊन, निपचित पडलेलं मूल नुसत्या पाण्यावर कसं उठून बसतं, ते डोळ्यांनी दाखवलं. त्यानंतर त्या आयांपुढं स्वतः ते पाणी पिऊन दाखवू लागल्या.

दुसरी म्हणजे, पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. सुनेनं मीठ-गूळ कालवलं की घरातला कर्ता म्हणे, हे काय औषध झालं? मग मशिदीत, बाजारात, शाळेत जाऊन पुरुषांशीही बोलायला सुरुवात झाली.

तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. शिकलेल्या माणसांनी 'डायरिया' हा एकच शब्द धरला होता. त्या बायकांच्या बोलीत मात्र चार निरनिराळी नावं होती. तान्ह्याच्या दुधाच्या जुलाबाचं नाव वेगळं, अपचनाचं वेगळं, आवेचं वेगळं, आणि 'डायरिया' म्हणजे फक्त तो पटकीसारखा भयंकर. साहजिकच त्या म्हणायच्या, बाळाला डायरिया नाहीच, मग हे पाणी कशाला द्यायचं?

हे ऐकलं आणि मंगलबाईंचं वाक्य माझ्या कानात वाजलं, "दात येताहेत, त्यानं होतंय." आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? पोट बिघडलं, ढाळ लागले, आव पडली, दातांचं झालं, नजर लागली. प्रत्येकाचं नाव निराळं, आणि त्यातल्या निम्म्यांना औषध लागतं असं कुणाला वाटतच नाही. खरं तर दात येण्यानं मूल जुलाबानं मलूल होत नाही. त्या वयात ते सापडेल ते तोंडात घालतं, त्यानं होतं. पण हे मंगलबाईंना सांगण्याआधी मी त्यांचा शब्द ऐकून घ्यायला हवा होता. मी ऐकला, आणि सोडून दिला.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडं वळते. सुट्टीत ऋता घरी आली तेव्हा त्यांनी तो पुन्हा विचारला. ऋतानं छान उत्तर दिलं. म्हणाली, "आई, तिथं जाऊन मला कळलं की तिथल्या पुस्तकांतले कितीतरी धडे आपल्याच बाजूचे आहेत." डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, बहुतेक शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज परदेशी विद्यार्थी शिकायला जामखेडला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या खेडवळ बायका असतात! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्याच विद्यापीठातून शिकून गडचिरोलीला गेले. तिथल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करतात ना, त्यामागं हे काम आहे. खुद्द डाक्क्यातही २००४ पासून ब्रॅकच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण मिळतं आणि देशोदेशीचे विद्यार्थी तिथं येतात. रिचर्ड कॅश यांनीही २०२४ साली निधन होण्यापूर्वी तिथं अनेक वर्षं शिकवलं.

"मग तू तिथं कशाला गेलीस, ते सांग ना!" जाऊबाई काही सोडेनात.

"मोजायला शिकायला," ऋता म्हणाली. "चांगलं केलं असं वाटणं आणि चांगलं झालं हे मोजून पाहणं, यांत फरक आहे आई. ते तिथं नीट शिकवतात. बाकीचं मला इथंच शिकायचंय."

जाऊबाई कितपत पटल्या माहीत नाही. मला मात्र ते वाक्य माझ्यासाठीच होतं असं वाटलं. मंगलबाईंना पुडी दिली तेव्हा मला 'वाटलं' होतं. मोजलं नव्हतं.

त्याच रविवारी मी मंगलबाईंना आणि त्यांच्या सुनेला बोलावलं. बोलवायची जरा लाजच वाटत होती. म्हटलं, "मंगलबाई, त्या दिवशी माझं शिकवायचं राहिलं. आज आपण मिळून करू या." मी शिकवायला लागले आणि पहिल्याच पायरीला अडले. एक लिटर पाणी! माझ्याकडं मापाचं भांडं आहे, त्यांच्याकडं नाही. "तांब्याभर म्हणजे किती?" मी विचारात पडले. सूनच म्हणाली, "काकू, ती पाण्याची विकतची बाटली एक लिटरचीच असती की!" अगदी खरं. वर छापलेलंच असतं. झालं, त्यांच्या घरच्या डेचकीत ती बाटली ओतून, पाणी कुठवर येतं तिथं खिळ्यानं ओरखडा काढला. बांगलादेशातल्या बायकांच्या भांड्यांवर खूण होती, तशीच.

मग मी हात मागं घेतले आणि दोघींना करायला लावलं. कसं ते तुम्हीही लिहून घ्या. स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

घरी पुडी असेल तर आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही एका पेल्याच्या. जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खी पुडी एकदम घालायची. थोडी आत्ता, थोडी मग, असं नाही. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको, वरून बोट फिरवून सपाट करा. चिमूट-मूठ आपण वापरायची नाही, हात लहानमोठे असतात. पाजण्याआधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्यानं करा. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर टाका.

पाजायचं चमच्याचमच्यानं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर जुलाबानंतर साधारण पाव ते अर्धा पेला, मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. जेवणाऱ्या मुलाला पेज, वरणभात, केळं द्या. उपाशी ठेवू नका. जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या आशाताईंकडं किंवा सरकारी दवाखान्यात मिळतात. वयाप्रमाणं मात्रा विचारून १४ दिवस द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. जुलाब बांधायच्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना मुळीच नकोत.

आणि मूल गळून गेलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा सारखं ओकू लागलं, शौचातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी होईना, तर घरचे उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा, आणि वाटेत पाणी पाजत राहा.

आणखी एक. दुकानात गोड पेयांची खोकी ओ. आर. एस. म्हणून विकली जात. त्यांत साखर भरमसाट आणि क्षार बेताचे. २०२५ सालच्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ठरल्या प्रमाणाचं नसेल तर ते नाव लावायला मनाई केली. तरी खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची पुडी मागून घ्या.

आमच्या सासूबाई हे सगळं बाजूला बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी पाणी तोडायचे गं. लंघन म्हणायचे. पण माझी आई मीठ घालून भाताची पेज द्यायची, गुपचूप." ऋतानं चमकून वर पाहिलं. म्हणाली, "आजी, तांदळाच्या पेजेच्या पाण्यावर कलकत्त्याला आणि डाक्क्याला मोठाले प्रयोग झालेत. पटकीत ते चांगलं लागू पडतं!" सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू! आता ही गोष्ट त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यांच्या आईचं गुपित अखेर विद्यापीठात पास झालं.

तुम्ही म्हणाल, जुलाबाचं एवढं काय घेऊन बसलात? पण पाहा, १९८० च्या सुमाराला जगात वर्षाला ४५ लाखांच्या आसपास मुलं यानं जात होती. आज तो आकडा पाच लाखांच्या आत आला आहे. मीठ, साखर, पाणी, लस, स्वच्छता आणि शिकलेल्या आया, या सगळ्यांनी मिळून हे केलं. तरीही चार लाखांहून अधिक मुलं जातातच. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या पाहणीत, जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण एकसष्ट मुलांनाच जलसंजीवनी मिळाली होती. उरलेल्या एकोणचाळीस आया काही फार लांब राहत नाहीत. एखादी आपल्याच ओट्याशी उभी राहून भांडी घासत असेल.

मागच्या आठवड्यात मंगलबाईंच्या गल्लीत आणखी एका घरी मूल आजारी पडलं. त्यांची सून तिकडं गेली. मी विचारलं, "सांगितलंस ना नीट?" ती म्हणाली, "सांगितलं नाही काकू. तिच्याकडनं करून घेतलं. पहिल्यांदा खारट झालं, ओतून दिलं. दुसऱ्यांदा जमलं, मगच उठले."

सोमवारी शाळेत गेले. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर मांडली, खडू खाली ठेवला आणि सवयीनं वळले. ओठांवर आलेला प्रश्न गिळला आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला खडू देऊन म्हटलं, "ये, करून दाखव."

तिला आलं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून ते पुन्हा पहिल्यापासून केलं.